मोठे दुखणे आणि मूठभर तांदूळ

आपल्या मंडळाला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाचनालयातील पुस्तके आणून वाचण्याची सवय मला लग्नाआधीपासून आहे, आणि आपल्या 'आजारपणाच्या पेटी'ची हकिकत कोणीतरी लिहून ठेवावयास हवी, असेही वाटत होते. म्हणून हे धाडस करते आहे. ही पेटी आपण काही आभाळातून आणली नाही. तिच्यामागे पुष्कळांचे कष्ट आहेत, ते आधी सांगते.

आपण परळ-लालबागच्या बायका. भाजी आणावयास निघालो तरी वाटेत टाटा रुग्णालयाचे लोक दिसतात. बिहार, बंगाल, आसाम, मराठवाडा, कुठून कुठून आलेले असतात. काखेत फाईल, हातात क्ष-किरणांच्या चित्रांची मोठी पिशवी, सोबत एखादे लहान मूल. ही माणसे आपल्या रोजच्या पाहण्यातली झाली, म्हणून त्या इमारतीचा इतिहास आपण विचारीत नाही. तो एका बाईच्या दुखण्यापासून सुरू होतो.

मेहेरबाई टाटा या दोराबजी टाटांच्या पत्नी. स्त्रियांच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. राष्ट्रीय स्त्री परिषदेच्या संस्थापक भगिनींत त्या होत्या, आणि बालविवाहास आळा घालणारा १९२९ चा शारदा कायदा व्हावा म्हणून त्यांनी खटपट केली. नवऱ्याने त्यांना 'ज्युबिली' नावाचा हिरा दिला होता, तो कोहिनूरहूनही वजनाने मोठा, सुमारे २४५ कॅरटचा. १९२४ साली जमशेदपूरचा पोलाद कारखाना बुडण्याच्या बेतास आला, कामगारांचे पगार द्यावयास पैसा नव्हता, तेव्हा दोराबजींनी आपली खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकली. त्यात हा हिराही होता. दागिना गहाण पडणे म्हणजे काय, हे आपणांस कोणी समजावून सांगावयास नको. कारखाना वाचला व हिरा सुटून आला.

परंतु पुढे मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. पैशाला तोटा नव्हता, विलायतेतील डॉक्टर होते. तरी १९३१ साली वेल्समधील एका शुश्रूषागृहात त्या वारल्या. त्या काळी त्या रोगावर उपायच नव्हता. पुढच्याच वर्षी दोराबजीही गेले. जाण्याआधी त्यांनी पत्नीच्या नावाने या रोगाच्या संशोधनासाठी निधी काढला आणि आपली संपत्ती धर्मादाय विश्वस्त निधीला देऊन टाकली. तो हिराही अखेर विकला गेला व त्याचे पैसे त्याच निधीत पडले. त्या निधीतून परळला टाटा मेमोरियल रुग्णालय बांधले गेले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले. आरंभी तेथे ८० खाटा होत्या, आता सहाशेंहून अधिक आहेत. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. त्या वेळी अणुऊर्जा खात्याचे प्रमुख होते डॉ. होमी भाभा, म्हणजे मेहेरबाईंचे सख्खे भाचे. आत्याच्या स्मरणातून निघालेले रुग्णालय असे भाच्याच्या हाती आले.

ज्या रस्त्यावर ते रुग्णालय आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव आहे. हे मूळचे गोव्याचे शल्यचिकित्सक. गोरगरिबांवरील त्यांच्या मायेमुळे लोक त्यांना फार मानीत. १९६९ साली ते वारले. बाहेरगावच्या रुग्णांना राहण्यासाठी वांद्र्याला जे घर आहे, तेही त्यांच्याच नावाचे. आणखी एक नाव आपल्या बायकांनी ध्यानात ठेवावे असे आहे, ते डॉ. कमल रणदिवे यांचे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या विदुषीने परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात स्तनांच्या कर्करोगावर संशोधन केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. आपल्या शरीराविषयी आपणच बोलावयास लाजत होतो, तेव्हा एक मराठी बाई सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा शोध घेत बसली होती.

येथवर झाली मोठ्यांची गोष्ट. रुग्णालय उभे राहिले, डॉक्टर आले. परंतु औरंगाबादेहून किंवा आसामातून आलेल्या माणसाने रात्री निजावे कोठे, जेवावे काय, मागे राहिलेल्या मुलांना कोणी सांभाळावे? हे प्रश्न हिऱ्याने सुटत नाहीत. तेथे दुसरीच परंपरा कामास येते, मुठीची परंपरा.

१९०८ साली गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य असताना, मुलांना मराठी शाळा असावी म्हणून पणजीच्या लोकांनी एक संस्था काढली. तिचे नावच 'मुष्टिफंड'. घरोघरच्या बायकांनी रोजच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढावयाची आणि ते तांदूळ गोळा करून शाळा चालवावयाची. ती संस्था आजही चालू आहे. त्याच सुमारास आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी 'पैसा फंड' काढला. प्रत्येकाने वर्षाला एकच पैसा द्यावा, एवढेच मागणे. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. पैसा द्यावयास गरिबालाही लाज वाटत नाही, आणि दिलेल्याला 'हे माझे आहे' असे वाटते, हे त्यातील खरे मर्म.

मागावयास जाण्याचे काम बायकांनीही केले. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले गावोगाव वर्गणीस फिरल्या. त्या विधवा, शिक्षण उशिरा झालेले, इंग्रजी जेमतेम. तरी १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. दुसऱ्यासाठी हात पसरणे कमीपणाचे नाही, हे त्यांच्यापासून शिकावे. साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी तर वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून मंगळसूत्र विकले. त्यांच्या त्यागाला नमस्कारच करावा. परंतु मला नेहमी वाटते की, गावातील शंभर घरांनी आधीच एकेक मूठ दिली असती तर त्या माउलीचे मंगळसूत्र गळ्यात राहिले असते.

गाडगे महाराजांनी हेच आपल्या खराट्याने सांगितले. १९५६ साली त्यांनी देह ठेवला, तोपर्यंत त्यांनी देवळे न बांधता धर्मशाळा बांधल्या. दादरला त्यांच्या मिशनची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात येणारे कितीतरी रुग्ण आणि त्यांची माणसे तेथे उतरतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही असेच काम करते. १९५१ साली डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली व १९६९ साली मुंबईत कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन निघाली. ही सारी लोकांच्या देणगीवर चाललेली कामे आहेत.

आपल्या गिरणगावात तर ही रीत घरोघर होती. सासूबाई सांगत, एकेका खोलीत गावचे वीस-वीस गडी राहावयाचे, पाळीपाळीने निजावयाचे. प्रत्येक गावाचे मुंबईत एक मंडळ. दर महिन्याला पगारातून वर्गणी द्यावयाची. कोणी आजारी पडला, गिरणीत हात सापडला, कोणाचे प्रेत उचलावयाचे झाले, तर त्या पेटीतून खर्च होई. बायका खानावळी चालवीत आणि वाण्याकडे देणे करून बसत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांचे 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या गेल्या, गावकरी पांगले, खोल्या विकल्या गेल्या. गावमंडळाच्या पेट्या राहिल्या त्या बहुतेक पालखी-उत्सवापुरत्या. आजारपणाची पेटी मात्र बंद पडली. आपल्या मंडळाने ती पुन्हा उघडली, एवढेच आपले काम. ते कसे झाले ते आता सांगते.

२०१८ सालच्या गौरी-गणपतीनंतरची गोष्ट. माझ्या धाकट्या जावेच्या छातीत गाठ निघाली. ती तेव्हा छत्तीस वर्षांची, मुलगी सातवीत, दीर एका दुकानात कामाला. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी कर्करोग सांगितला. आम्हांला ते कळले पंधरा दिवसांनी, आणि तेही तिने सांगितले म्हणून नव्हे. मंडळाच्या भोंडल्याला ती आली तेव्हा तिच्या हातांत पाटल्या नव्हत्या. मी बाजूला घेऊन विचारले, तेव्हा म्हणाली, "ताई, तपासण्यांनाच एक पाटली गेली. दुसरी उद्या जाईल. मग काय? मुलीच्या शिक्षणाचे मी खाऊन टाकू का? नको ते औषध."

भगिनींनो, आपल्या घरांत मोठे दुखणे आले की पहिल्याने बाईचे सोने निघते, मग कर्ज निघते, आणि लोकांना कळते ते सर्वांत शेवटी. तोवर द्यावयासारखे काही उरलेले नसते. हा क्रम उलटा करावयास हवा.

मंडळाची सभा झाली ती तुम्हांपैकी पुष्कळजणींना आठवत असेल. एका भगिनीने रोखठोक विचारले, "आज एकीला दिले, उद्या दहा येतील. मग काय सांगणार?" प्रश्न कडू होता, परंतु खोटा नव्हता. मंडळाच्या शिलकीतून दिले असते तर एका दुखण्यात शिल्लक संपली असती. तेव्हा खजिनदारबाईंनी तोड सुचविली. शिलकीला हात लावावयाचा नाही. प्रत्येक घरात तांदळाच्या डब्याशेजारी एक लहान डबा ठेवावयाचा. रोज एक मूठ तांदळाच्या किमतीचे जे होतील ते पैसे त्यात टाकावयाचे. महिन्याच्या शेवटी डबे आणून सर्व एका पेटीत रिकामे करावयाचे. कोणी किती टाकले ते मोजावयाचे नाही. दहा आल्या, तर त्या दहा घरांतही डबे असतील.

त्या महिन्याच्या भिशीचा नंबर ज्या भगिनीचा होता, तिने आपण होऊन तो माझ्या जावेला दिला. तिच्या स्वतःच्या घरी मुलाचे लग्न ठरत होते, हे येथे मुद्दाम लिहिते. दिवाळीच्या फराळाची मागणी आपण त्या वर्षी बाहेरूनही घेतली. पंधरा दिवस समाजमंदिरात चकल्या-करंज्यांचा घाणा चालला होता. नफा पेटीत गेला.

खर्चाचे म्हणावे तर योजनेचा मोठा आधार झाला. २०१२ साली महाराष्ट्रात राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना निघाली. २०१७ पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. तिच्यात कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत, आता ती मर्यादा पाच लाखांची झाली आहे. जावेचे केशरी रेशनकार्ड होते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातील बाईंनी कागद कोणते लागतात ते सांगितले आणि शस्त्रक्रिया व किमो त्या योजनेत बसले. मग पेटी कशाला लागली? योजना ठरण्याआधीच्या तपासण्या, बाहेरून आणावयाची औषधे, किमोनंतर लोकलमध्ये उभे राहवत नाही म्हणून टॅक्सी, दूध-अंडी, आणि दिराची रजा संपल्यावर बुडालेला रोज. हा खर्च कोणत्याच कागदावर येत नाही, आणि त्यापायीच माणसे उपचार अर्धे टाकून गावी जातात.

पैशाहून मोठे काम डब्यांचे झाले. कोणत्या वारी कोणत्या घरून डबा जावयाचा, त्याची यादी लिहून काढली होती. किमोच्या दिवसानंतर तिला फोडणीचा वास सहन होत नसे, म्हणून त्या दिवशी पेज आणि मऊ भात. शेक घेण्याचे, ज्याला कोणी लाईट घेणेही म्हणतात, पाच आठवडे रोज जावे लागे. पाळीपाळीने एकेक भगिनी सोबत जाई. मुलीचा अभ्यास शेजारच्या बाईंनी घेतला. माझी जाऊ अबोल स्वभावाची. एकदा केस गेलेल्या डोक्यावर पदर ओढून म्हणाली, "ताई, पैसे फेडता येतील. ही रोजची सोबत कशी फेडू?" मी म्हटले, "फेडू नकोस. तुझ्या घरी डबा ठेव." तिने ठेवला. दुसरी पाटली तिच्या हातात आजही आहे. पाच वर्षे होऊन गेली, ती आता तपासणीपुरतीच जाते.

सगळीच दुखणी अशी संपत नाहीत, हेही लिहिले पाहिजे. आपल्याच एका भगिनीच्या यजमानांना तोंडाचा कर्करोग झाला. तंबाखू पुष्कळ वर्षांची. पेटी उघडली, डबे गेले, परंतु रोग पुढे गेलेला होता. ते चैत्रात गेले. तेराव्यानंतर ती भगिनी रुमालात उरलेले पैसे आणि औषधांच्या पावत्या बांधून घेऊन आली. आपण म्हटले, मुलांसाठी ठेवा. ती म्हणाली, "हे त्यांच्या औषधाचे होते. त्यांना आता औषध नको. दुसऱ्या कोणाला द्या." त्या दिवशी सभेत कोणी फारसे बोलले नाही. खजिनदारबाईंनी वहीत रक्कम जमेस लिहिली. त्यानंतर मिश्री सोडलेल्या तीन भगिनी मला ठाऊक आहेत, नावे लिहीत नाही.

मूठभर लोक एकत्र आल्याने केवढे होते, याचे एक अलीकडचे उदाहरण देते. रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारावर ग्लिव्हेक नावाची गोळी निघाली. एका महिन्याच्या गोळ्यांना सुमारे १ लाख २० हजार रुपये पडत. आपल्या देशातील कारखाने तेच औषध आठ-दहा हजारांत करीत. परदेशी कंपनीला त्याचे पेटंट मिळाले असते तर स्वस्त गोळी बंद पडली असती. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने, म्हणजे देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेने, त्या मागणीला हरकत घेतली. वर्षानुवर्षे खटला चालला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारले. १९३१ साली मेहेरबाईंना सगळी संपत्ती असून रक्ताच्या कर्करोगावर औषध मिळाले नाही. आज त्या रोगाच्या एका प्रकाराची गोळी गरिबाच्या आटोक्यात आहे. त्यात संशोधकांचा वाटा आहे, न्यायालयाचा आहे, आणि वर्गणी देणाऱ्या अनोळखी माणसांचाही आहे.

आता पेटीचे नियम, नव्या भगिनींसाठी. पैसे शक्यतो रोख हातात द्यावयाचे नाहीत. रुग्णालयात रुग्णाच्या फाईल नंबरावर भरावयाचे आणि पावती आणावयाची. खर्चाचा अंदाज रुग्णालयाकडून लेखी घ्यावयाचा. आधी योजना, मग मुख्यमंत्री सहायता निधी आणि सिद्धिविनायकासारख्या देवस्थानांकडे अर्ज, आणि राहिले तेथे पेटी, हा क्रम. मात्र तपासण्यांसाठी पेटी पहिल्या दिवशीच उघडावयाची, अर्जांची वाट पाहावयाची नाही. कर्करोगाच्या रुग्णास व सोबत्यास रेल्वेच्या भाड्यात सवलत असते आणि लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातून जाता येते, हे ज्याला त्याला सांगावयाचे. हिशेब दर तिमाहीस सभेत वाचावयाचा, परंतु घेणाऱ्याचे नाव त्यात येऊ द्यावयाचे नाही. आणि शेवटचे, विचारपूस करावयास जाताना अमकी कशी यातून वाचली नाही, त्या गोष्टी सांगावयाच्या नाहीत. काम असेल तर जावे, नसेल तर भांडी घासून यावे.

माझी एवढीच विनंती आहे की, ज्या घरी असे दुखणे येईल त्या घराने ते लपवू नये, आणि आपण बायकांनी एकमेकींच्या हातांकडे जरा लक्ष ठेवावे. कोणाची पाटली दिसेनाशी झाली तर विचारावे. सोने निघण्याआधी मंडळ तिच्या दारात उभे राहिले, तर आपली पंचवीस वर्षे सार्थकी लागली असे मी म्हणेन. पेटी समाजमंदिरात कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. किल्ली खजिनदारबाईंकडे. ज्यांच्या घरी अजून डबा नाही त्यांनी तो या महिन्यापासून ठेवावा.